शायाचं रेकॉर्डवरचं हसू

शाया रूडमन हसत नसे. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या आमच्या ज्यू कामगारांच्या सहकारी घरांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी तिचं नवल करत नसे. तो रागीट नव्हता, आजारी नव्हता, दातही त्याचे बरे होते. त्याचं म्हणणं एवढंच, की जग सुधारायचं अजून बाकी आहे आणि ते होईपर्यंत खिदळत बसणं हा कामचुकारपणा आहे. कोणाच्या लग्नाला गेला तर भिंतीशी उभा राही आणि नवऱ्यामुलाला गाठून, मागच्या युनियनच्या सभेला का आला नव्हतास, असं विचारी. जिन्यात तो समोरून आला की माणसं अंग चोरून घेत, कारण त्याच्या काखेत कम्युनिस्ट पक्षाचं यिडिश वर्तमानपत्र असे आणि ते गळ्यात मारल्याशिवाय तो कोणाला सोडत नसे.

दिवसभर तो शहरातल्या एका कोटांच्या कारखान्यात इस्त्रीच्या यंत्रावर उभा असायचा. वाफेनं त्याच्या भुवया विरळ होऊन गेल्या होत्या. लग्न त्यानं केलं नाही. एका शिक्षिकेशी जमत आलं होतं म्हणतात, पण पहिल्याच संध्याकाळी त्यानं तिला फिरायला म्हणून पक्षाच्या सभेला नेलं आणि तिथे तो स्वतःच तीनदा बोलायला उठला. तिनं पुढे एका दंतवैद्याशी लग्न केलं. शायाला त्याचं वाईट वाटलं की नाही, हे त्यानं कोणाला कळू दिलं नाही.

तो राहायचा तिसऱ्या मजल्यावर, आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर राहायचे नोखेम टाबाक आणि त्याची बायको फ्रेडा. नोखेम त्याच कारखान्यात कापड बेतायचा. शाया आणि नोखेम एकाच गावचे, बियालिस्टॉकच्या पलीकडच्या एका चिखलाच्या गावचे, आणि सगळ्या ब्रॉन्क्समध्ये शायाच्या पाठीवर थाप मारायची छाती असलेला नोखेम हा एकटाच माणूस. नोखेमचा पक्षावर विश्वास नव्हता, देवावरही नव्हता. त्याचा विश्वास कोंबडीच्या सुपावर आणि नकलांवर होता.

दर शुक्रवारी शाया त्यांच्याकडे जेवायला जाई. आमचा पवित्र शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो, म्हणून फ्रेडा सूर्य मावळायच्या आत मेणबत्त्या लावायची, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना पुटपुटायची. शायाला तत्त्वाचा प्रश्न होता. मेणबत्त्या दिसल्या की तो खुर्चीवरून उठून बाहेर जिन्याच्या चौकात जाऊन उभा राही, दार लोटून घेई, आणि थोड्या वेळानं बाहेरूनच विचारी, "झाला का तुमचा देव? सूप गार होतंय." मग फ्रेडा दार उघडी, आधी कोट काढ म्हणे, आणि त्याच्या ताटलीत कोंबडीची तंगडी वाढी. नोखेमच्या वाट्याला मान यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्या घरात ते कोणाला विनोदी वाटत नव्हतं.

नोखेमच्या नकला मात्र सगळ्यांना ठाऊक होत्या. कारखान्याचा मुकादम, सिनेगॉगमधला नाकात गाणारा गवई, फ्रेडाची फ्लॉरिडातली बहीण, सगळे त्याच्या घशात राहायला असत. उन्हाळ्यात आमचे लोक डोंगरातल्या लाकडी खोल्यांवर दोन आठवडे राहायला जात, तिथे शनिवारी संध्याकाळी नोखेम खुर्चीवर चढून एक नवीन नक्कल करू लागला. ती होती मॉस्कोच्या मोठ्या साहेबांची. आवाज पोटातून काढायचा, गाल फुगवायचे आणि दर वाक्याला बूट आपटायचा. लोक गवतावर लोळत.

ती साल एकसष्टची गोष्ट. त्या दोन-तीन वर्षांत विनोदी रेकॉर्डांचं नुसतं पेव फुटलं होतं. राष्ट्राध्यक्षापासून महापौरापर्यंत ज्याला त्याला आमच्या लोकांनी रेकॉर्डवर घेतलं, त्याला आमच्या स्वयंपाकघरात बसवलं आणि आमच्या मावश्यांकडून त्याची हजेरी घेतली. एरवी प्रार्थनेच्या रेकॉर्डी काढणारा झुसमन नावाचा एक माणूस होता, तो नोखेमच्या मागे लागला. 'साहेब जेवायला येतात' असं नाव ठरलं. साहेब ब्रॉन्क्समधल्या एका बाईकडे शुक्रवारी जेवायला येतात, एवढीच गोष्ट.

रेकॉर्डवर हसणारे लोक लागतात. झुसमननं एका रविवारी दुपारी युनियनचा हॉल भाड्यानं घेतला, खारवलेले हेरिंग मासे, कांदा, काळा पाव आणि छोट्या पेल्यांतून दारू ठेवली, आणि आमच्या तीन जिन्यांवरची सगळी बिऱ्हाडं तिकडे लोटली. शायानं साफ नाही म्हणून सांगितलं होतं. जगातल्या पहिल्या कामगारांच्या राज्याच्या प्रमुखाची टवाळी ऐकायला तो येणार नव्हता. फ्रेडा म्हणाली, "मग निषेध करायला ये. मासे खा आणि निषेध कर." हे त्याला पटलं. तो आला, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला, कोट काढला नाही आणि हाताची घडी घातली.

रेकॉर्डिंग सुरू झालं. साहेब आणि बाई, दोघांचेही आवाज नोखेमच काढत होता. साहेब म्हणाले, अर्धं जग माझ्या ताब्यात आहे. बाई म्हणाली, असेल, पण बूट काढा, जमीन आत्ताच पुसलीय. साहेबांनी चिडून बूट टेबलावर आपटला. बाईनं तो उचलला, उलटा करून बघितला आणि म्हणाली, टाच गेलीय, माझा दीर करून देईल. साहेब म्हणाले, आमचं यान चंद्रापर्यंत पोचलंय. बाई म्हणाली, मग येताना कांदे आणायला काय झालं होतं? हॉल दणाणत होता. शायाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मग बाई मेणबत्त्या लावायला निघाली. साहेब गडबडले. बाई, मी देव मानत नाही, मला हे बघता यायचं नाही, असं म्हणून ते बाहेर निघाले. नोखेमनं बूट वाजवले, दार करकरल्याचा आवाज तोंडानंच काढला. क्षणभर शांतता. आणि मग तो अर्ध्या जगाचा धनी दाराबाहेरून अगदी गरीब आवाजात म्हणाला, "झाला का तुमचा देव? सूप गार होतंय."

लोक हसले, पण बेतानंच, कारण त्यांना त्यातली गंमत ठाऊक नव्हती. ती एकाच माणसाला ठाऊक होती. शेवटच्या रांगेतून आधी एक उचकी आली, मग इस्त्रीच्या यंत्रातून वाफ सुटावी तशी शीळ, आणि मग कोणी कधी ऐकलं नव्हतं असं एक मोठं, गंजलेलं, तुटक हसू बाहेर पडलं आणि शेवटी "आई गं" म्हणून धापा टाकत थांबलं. सगळा हॉल वळून बघू लागला आणि त्या हसण्याला हसू लागला. शायानं टोपी तोंडात कोंबली आणि तो दारातून बाहेर पळाला. मागे नोखेम काहीतरी बोलल्याचं त्याला ऐकू आलं, पुन्हा लोक हसले, टाळ्या पडल्या, पण तोवर तो जिना उतरला होता.

त्या दिवशी तो घरी चालत गेला. वाटेत त्याला दोनदा पुन्हा हसू आलं. हे त्यानं कोणालाही सांगितलं नाही.

रेकॉर्ड खपली. फार नाही, पण आमच्या भागात घरटी एक झाली. आणि एक पक्षाच्या शाखेतही पोचली. पाच वर्षांपूर्वी मॉस्कोहून आधीच्या साहेबांच्या अत्याचारांच्या बातम्या आल्यापासून शाखेतले निम्मे लोक सोडून गेले होते, आणि जे उरले ते गेलेल्यांच्या वाट्याचेही कडक झाले होते. त्यांच्या कानावर आलं की रेकॉर्डवर सगळ्यात मोठ्यानं हसलेला माणूस आपला आहे. चौकशी बसली.

आमच्या तळघरातल्या वाचनालयात, उसना आणलेला रेकॉर्ड प्लेअर टेबलावर ठेवून, चौकशी समिती गंभीर चेहऱ्यानं 'साहेब जेवायला येतात' ऐकायला बसली. सचिव होत्या कॉम्रेड बाशा, टोप्या शिवणाऱ्या, ताठ मानेच्या. त्यांच्या शेजारी म्हातारे कॉम्रेड याब्लोन. चंद्र आणि कांदे आल्यावर याब्लोनना खोकल्याची ढास लागली आणि ते बाहेर गेले, ते डोळे पुसत परत आले. ते हसणं आलं की बाशा सुई उचलत, मागे नेत आणि पुन्हा ठेवत. पण पंचाईत अशी झाली की ओळखणार कसं? शाया हसताना समितीतल्या कोणी ऐकलाच नव्हता, आणि हॉलमधलं कोणी साक्षीला येत नव्हतं.

"कॉम्रेड रूडमन," बाशा म्हणाल्या, "तुम्ही हसून दाखवा."

शायानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. तो दोनदा "हा, हा" म्हणाला. ते रेकॉर्डवरच्या हसण्याशी कुठेच जुळत नव्हतं. समितीचा जीव भांड्यात पडला, कारण असा राबणारा माणूस घालवायची कोणाचीच इच्छा नव्हती. आरोप सिद्ध होत नाही, असं लिहायचं ठरलं. फक्त शेवटचं एकदा ऐकून घेऊ, म्हणून बाशांनी सुई ठेवली.

शायानं दात आवळले. छतालगतच्या नळ्या मोजल्या. साहेब दाराबाहेर गेले. साहेबांनी सूप मागितलं. आणि आधी उचकी आली, मग शीळ, मग दोन्ही शाया, रेकॉर्डवरचा आणि खुर्चीवरचा, एकदमच हसले आणि एकदमच "आई गं" म्हणाले. पुढचं काही कोणाला ऐकूच आलं नाही. याब्लोन परत बाहेर पळाले. बाशांनी सुई उचलली आणि खाली मान घालून लिहायला घेतलं.

तीस वर्षांचा पक्ष असा गेला. दुसऱ्या दिवसापासून ज्यांना तो कॉम्रेड म्हणत होता ते जिन्यात त्याच्याकडे न बघता जाऊ लागले. रविवारी वाटायला वर्तमानपत्रं येईनात. आणि माणसाला असा घाव बसला की तो त्याचा राग कोणावर तरी काढल्याशिवाय राहत नाही. शाया चौथ्या मजल्यावर गेला.

"ते हसणं काढून टाक," तो नोखेमला म्हणाला.

"रेकॉर्डवरून? ते काय कोटाचं बटण आहे?"

"तू माझं जेवण, माझं बोलणं, सगळं बाजारात मांडलंस. मला उघडं पाडलंस."

"शाया, तू ती रेकॉर्ड पूर्ण ऐकलीस का?"

"जे ऐकायचं ते मी पक्षासमोर बसून ऐकलं."

फ्रेडा म्हणाली, आधी दोन घास खाऊन घ्या, मग भांडा. पण नोखेमचाही तोल गेला होता. तो म्हणाला, "तुझ्या पक्षाला एक हसू पचत नाही, त्याला मी काय करू?" हे खरं होतं आणि म्हणूनच शायाला ते सहन झालं नाही. तो खाली आला. त्यानंतर त्या दोघांत शब्द नाही.

एकाच जिन्यानं चढायचं, एकाच कारखान्यात जायचं, आणि बोलायचं नाही. हे किती दिवस चालेल असं आम्हाला वाटायचं. ते कायमचं चाललं. फ्रेडा दर शुक्रवारी काचेच्या बरणीत सूप भरून शायाच्या दारात ठेवी. तंगडी असेच. तो खाई, बरणी घासून लख्ख करी आणि वरच्या पायरीवर नेऊन ठेवी. बरणी वर जाई, बरणी खाली येई, तेवढाच काय तो दोन मजल्यांचा संबंध.

मग एका हिवाळ्यात फ्रेडा गेली. आमच्यात माणूस गेलं की घरचे सात दिवस बुटक्या स्टुलांवर बसतात, आरसे झाकतात आणि दार उघडं ठेवतात. यायचं ते न ठोठावता यायचं. शाया रोज संध्याकाळी वर गेला. जिन्याच्या चौकात, जिथे तो मेणबत्त्यांच्या वेळी उभा राही, तिथेच उभा राहिला. दार उघडं होतं. आत नोखेम स्टुलावर बसलेला दिसत होता आणि नोखेमलाही तो दिसत होता. शायाला वाटत होतं, आतून कोणीतरी एक शब्द बोलावा. पण तो शब्द बोलणारीच गेली होती. रोज तो थोडा वेळ उभा राहून खाली आला. त्या आठवड्याइतकी लाज त्याला पक्षातून काढलं तेव्हाही वाटली नव्हती.

त्यानंतरच्या शुक्रवारी, मेणबत्त्यांच्या वेळेला, वरून रेकॉर्ड ऐकू आली.

आमच्या छतांतून सगळं ऐकू येतं. बूट आपटला, चंद्र आला, कांदे आले, दार करकरलं. आणि मग शायाच्या डोक्यावर शायाच हसला. त्यानं झाडू घेतला आणि दांड्यानं छताला ठोकलं, तीनदा. सुई उचलली गेली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्याही पुढच्या. तो हसला की शाया ठोकायचा, शायानं ठोकलं की वर गप्प. त्याची खात्रीच झाली की हा माणूस आपल्या जखमेवर मीठ चोळतोय, आणि तेही वार लावून. तरी शुक्रवारी त्या वेळेला तो घराबाहेर कधी गेला नाही. वाचनालयातून लवकर परत येई, खुर्ची छताच्या त्या भागाखाली ओढी आणि झाडू मांडीवर घेऊन बसे.

दोघंही कामावरून निवृत्त झाले. कारखाना बंद पडला. आमचे लोक एकेक करून गेले, कोणी फ्लॉरिडाला, कोणी मुलांकडे, कोणी नव्या उंच इमारतींत, आणि बरेचसे कबरस्तानात. बाशा गेल्या, याब्लोन गेले. तळघरातलं वाचनालय बंद झालं. जिन्यात आता स्पॅनिश ऐकू येई, तळलेल्या केळ्यांचा वास येई. नवे लोक चांगले होते, पण शायाला काय म्हणायचं असे ते कोणाला कळत नसे. पक्षाचं वर्तमानपत्र तो अजून विकत घेई आणि एकटाच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वाचून काढी. दिवसच्या दिवस त्याच्या तोंडातून शब्द निघत नसे. साधं सांगायचं तर त्या सगळ्या आठवड्यात त्याच्याशी कोणी बोलत असेल, तर ते छत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीतल्या एका शुक्रवारी रेकॉर्ड लागली नाही.

घर गरम ठेवणाऱ्या नळ्यांतून वाफ धड येत नव्हती म्हणून शाया घरातही कोट घालून बसला होता. झाडू मांडीवर होता. बाहेर अंधार पडला. त्याला वाटलं, बरं झालं, संपलं एकदाचं. मग वाटलं, सुई मोडली असेल. मग तो उठला आणि इतक्या वर्षांनी वरचा जिना चढला. नोखेमचं दार बंद होतं. तो चौकात उभा राहिला. समोरच्या दारातून मिलाग्रोस बाहेर आली. ती पोर्तो रिकोची, शिवणकाम करणारी, नोखेमच्या घरी अधूनमधून बघायला जाणारी.

"मिस्टर रूडमन, त्यांना सकाळीच दवाखान्यात नेलं," ती म्हणाली. "छातीत दुखत होतं. मी खाली येऊन ठोठावलं, तुम्ही नव्हतात."

शाया बंद दाराकडे बघत राहिला. तीच पुढे बोलत राहिली, कारण गप्प माणसासमोर बायकांना बोलावंच लागतं. ती म्हणाली, मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्ही दर शुक्रवारी तेच तेच का लावता, आणि तेही अर्धंच. "तर म्हणाले, खाली माझा मित्र राहतो. मी लावतो, तो ठोकतो. मग मला कळतं की तो आहे."

शाया भिंतीला टेकला. तिनं आतून खुर्ची आणून दिली, पण तो बसला नाही.

सकाळी तो दवाखान्यात जायला निघाला. इस्त्री केलेला शर्ट घातला, टोपी घासली. जिन्यातच मिलाग्रोस भेटली आणि तिनं नुसती मान हलवली. नोखेम पहाटेच गेला होता.

नोखेमचा मुलगा आर्नी कॅलिफोर्नियाहून आला. लहानपणी शाया त्याला खांद्यावर घेऊन मोर्च्यांना जायचा. माती देऊन झाल्यावर दुसऱ्या संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचं दार पुन्हा उघडं होतं. शाया वर गेला आणि आपल्या जागी, चौकात, उभा राहिला. आत उरल्यासुरल्या सिनेगॉगमधून गोळा करून आणलेले म्हातारे बसले होते. गेलेल्यासाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि आमच्यात माणसं सरळ मोजत नाहीत, नजर लागते म्हणून. एक म्हातारा बोट फिरवत म्हणत होता, एक नाही, दोन नाही, तीन नाही. नऊ नाहीपाशी तो थांबला.

आर्नी दारात आला.

"शायाकाका, आत या. एक कमी पडतोय."

"मी मानत नाही, आर्नी. तुला ठाऊक आहे."

"बाबा तरी कुठे मानत होते? इथे कोणी विचारत नाही, काका. फक्त उभं राहायचं."

शायानं उंबरठ्याकडे बघितलं. फ्रेडाच्या वेळी त्याला हाच शब्द हवा होता आणि कोणी दिला नव्हता. तो आत गेला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "दहा नाही," आणि लगेच प्रार्थना सुरू केली. शायाला शब्द लहानपणापासून येत होते. तो ते म्हणाला नाही. पण शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं तेव्हा त्याचे ओठ हलले, आणि ते बघायला नोखेम नव्हता. असता तर त्यानं त्याची नक्कल करून ब्रॉन्क्सभर दाखवली असती.

घर रिकामं करताना आर्नीनं शायाला तो रेकॉर्ड प्लेअर आणि ती रेकॉर्ड दिली. म्हणाला, हे तुमचंच आहे, काका. रेकॉर्ड कडेपासून एका ठिकाणापर्यंत इतकी झिजली होती की तिथवर पांढरा पट्टा पडला होता. त्या पट्ट्याच्या पुढचा भाग मात्र नव्यासारखा काळा होता.

शुक्रवार आला. शायानं प्लेअर टेबलावर ठेवला, डब्यातलं सूप गरम केलं आणि मेणबत्त्यांच्या वेळेला, मेणबत्त्या न लावता, सुई ठेवली. कोट अंगातच होता. झाडू सवयीनं हाताशी घेतला होता. साहेब आले, बूट आपटला. नोखेमचा आवाज किती तरुण होता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. दार करकरलं. साहेबांनी सूप मागितलं. झिजलेल्या खरखरीतून उचकी आली, शीळ आली, तो जुना शाया हसला, हसला, आणि "आई गं" म्हणून थांबला. खुर्चीवरच्या शायाचा हात आपोआप वर गेला होता. तो त्यानं खाली घेतला.

सुई पुढे गेली. खरखर थांबली. हॉल हसत होता, आणि त्या हसण्यातून नोखेम बोलला, साहेबांच्या आवाजात नाही, स्वतःच्या. समोरच्या दिव्यांमुळे त्याला शेवटची रांग दिसत नसावी, शाया पळाल्याचंही कळलं नसावं. तो म्हणाला, "बघा, इतकी वर्षं दाराबाहेर उभा होता. आला एकदाचा आत. फ्रेडा, ह्याला तंगडी वाढ."

आणि पहिल्या रांगेतून फ्रेडाचा आवाज आला, "वाढते. त्याला आधी कोट काढायला सांग."

लोक हसले, टाळ्या पडल्या. मग बाई काहीतरी बोलली, साहेब काहीतरी बोलले, शायाला ते कळलं नाही. बाजू संपली आणि सुई मधल्या लेबलापाशी नुसती फिरत राहिली. टेबलावरचं सूप गार झालं होतं.

तो उठला. त्यानं कोट काढला आणि खुंटीला अडकवला. मग झाडू उचलून दांड्यानं छताला ठोकलं, नेहमीसारखं तीनदा, आणि वर बघत उभा राहिला.